वाढत्या अंगाची चड्डी

जुन्या खाकी चड्डीची दुमड उसवली की आतून एक पट्टी बाहेर यायची. दोन-तीन बोटं रुंद आणि गडद. बाकीची चड्डी उन्हानं, नदीवरच्या दगडानं आणि धुण्याच्या सोड्यानं विटून मातकट पांढरी झालेली असे. ही पट्टी मात्र कापड दुकानातून आलं त्या दिवशीच्या रंगाची. शिंपी दुमड खाली सोडायचा, कडेला नवी बारीक शिवण मारायचा, कोळशाची इस्त्री फिरवायचा आणि पोरगं त्याच चड्डीत आणखी एक शाळेचं वर्ष काढायचं. मांडीवरच्या त्या गडद पट्टीवरून गेल्या वर्षी मुलगा किती लहान होता, ते सगळ्या वर्गाला दिसे. त्याची लाज कुणाला वाटत नसे, कारण पट्टी सगळ्यांच्याच चड्डीला असे.

दिवाळी अंकासाठी ‘गेल्या काही दशकांतला उन्हाळा आणि खरेदी’ असा विषय पुढं आला, की शहरात आठवण निघते ती मोठ्या दुकानांची: काचेची दारं, मजले, मुलांच्या कपड्यांचा वेगळा विभाग, सुट्टीसाठी घेतलेले रंगीत अर्धे कपडे. हाच विषय कल्याणच्या पुढं, एका अंगानं माळशेज घाटाकडं आणि दुसऱ्या अंगानं कसाऱ्याकडं नेला की त्याचं रूप बदलतं. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मुलाच्या उन्हाळ्यासाठी वेगळं कापड घेण्याची पद्धतच नव्हती. उन्हाळ्याची चड्डी म्हणजे शाळेची जुनी चड्डी. आणि ती कापडाचं दुकान, शिंपी, आठवडी बाजार, यात्रा आणि मुंबईहून येणारा मामा अशा चार-पाच ठिकाणांतून मिळून तयार व्हायची.

लंगोटी, धोतर आणि मधली चड्डी

अर्धी चड्डी हा इथला मूळ पोशाख नव्हे. ती आली लष्कराकडून, पोलिसांकडून आणि शाळेकडून. मुंबई पोलिसांतला शिपाई कित्येक वर्षं निळ्या अर्ध्या चड्डीत आणि पिवळ्या टोपीत रस्त्यावर उभा असे. जंगलखात्याचा गार्ड खाकी घालून रानात फिरे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत खाकी रंग आधी सरकारचा होता, मुलांच्या अंगावर तो नंतर आला.

या भागात कुणबी आणि आगरी शेतकरी आहेत, तसे ठाकर, महादेव कोळी, कातकरी आणि वारलीही आहेत. इथल्या कष्टकरी पुरुषाचं कामाचं वस्त्र लंगोटीच. चिखलणीत, लावणीत, झाडावर चढताना ती सोयीची होतीच, पण ती नुसती सोयीपोटी नव्हती. कापड विकत घेण्याची ऐपत नसणं हेही तिचं कारण होतं. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी किसान सभेचं काम आधी कल्याण, मुरबाड, शहापूर याच तालुक्यांतल्या शेतकऱ्यांमध्ये सुरू केलं. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली आणि तिथून वारल्यांच्या लढ्याची ठिणगी डहाणू-तलासरीकडं गेली. त्या काळच्या सावकारी आणि वेठबिगारीच्या हकिगती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: कर्ज लग्नासाठी, धान्य खावटीचं आणि अंगावर कापड जेमतेम.

अशा घरातला मुलगा शाळेत निघाला की पहिला प्रश्न पाटी-पुस्तकाआधी चड्डीचा यायचा. घरी, रानात, गुरांमागं लंगोटी चालत होती, शाळेत चालत नव्हती. म्हणून कित्येक घरांत चड्डी हे पहिलं शिवलेलं वस्त्र ठरलं, आणि घरातला ते घालणारा पहिला माणूस सहा-सात वर्षांचा होता. आश्रमशाळा सुरू झाल्या तेव्हा राहणं आणि जेवण यांच्याबरोबर कपडेही सरकारनं द्यायचे ठरले. शहापूरला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे आणि आसपासच्या आश्रमशाळांचा कारभार तिथून चालतो. वसतिगृहाच्या दोरीवर ओळीनं वाळत घातलेल्या एकाच रंगाच्या चड्ड्या हे या भागातलं फार ओळखीचं दृश्य आहे.

एका ताग्यातली भावंडं

मुरबाडची आणि शहापूरची बाजारपेठ म्हणजे एक मुख्य रस्ता आणि त्याला फुटलेले बोळ. किराणा, भांडी, बी-बियाणं, सोनार यांच्यामध्ये कापडाची दुकानं. जुन्या दुकानात चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसायचं. भिंतीतल्या फळ्यांवर तागे आडवे रचलेले. दुकानदार बसल्या जागेवरून हात वर करून तागा ओढी आणि गादीवर उलगडत नेई. तो धपधप आवाज आणि नव्या कापडाच्या खळीचा वास, बाजार म्हटला की आजही अनेकांना आधी हेच आठवतं.

गिऱ्हाईक माल बघायला आत फिरत नसे, माल गिऱ्हाइकासमोर येई. मोठ्या शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरनं नेमकी हीच रीत उलटी केली होती: माल मांडलेला, किंमत लिहिलेली, माणसानं फिरून हात लावून बघायचं. इथं किंमत बोलण्यातून ठरायची, आणि ती ठरण्याआधी घरची विचारपूस व्हायची. पाऊस कसा, भात किती झालं, मुलगी कुठं दिली. दुकानदाराच्या दृष्टीनं ही चौकशी कामाची होती, कारण समोरच्याला किती उधार द्यायचं याचा अंदाज त्यातूनच येई.

पैसा हातात यायचा भातावर. हळवं भात आधी निघतं, गरवं नंतर. दिवाळी कधी या दोन्हींच्या मध्ये येते, कधी त्यांच्याही आधी. म्हणजे सणाचं कापड बहुतेक वेळा उधारीवर आणि फेड झोडणीनंतर. दिवाळीनंतर गवतकापणी सुरू व्हायची. या दोन तालुक्यांतलं गवत वखारींत दाबून मुंबईच्या तबेल्यांकडं जाई, त्याचीही मजुरी मिळे. कातकरी कुटुंबं कल्याण-भिवंडीकडं वीटभट्ट्यांवर निघून जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. त्यांची कापडखरेदी मालकाकडून घेतलेल्या उचलीतून होई. ती फेडायला अख्खा हंगाम जाई.

चार भाऊ असले तर चौघांचं कापड एकाच ताग्यातून फाडलं जाई. ‘फाडणं’ हाच शब्द: दुकानदार कात्रीनं जरासं टोक कापायचा आणि पुढं दोन्ही हातांनी सर्रकन फाडून द्यायचा. लग्नाच्या वऱ्हाडात एकाच चौकड्याचे शर्ट आणि एकाच खाकीच्या चड्ड्या घातलेली चार पोरं दिसली की कुणाची ते विचारावं लागत नसे. यात काटकसर होतीच. सलग कापड घेतलं की बेतताना कमी वाया जातं आणि उरलेल्या तुकड्यातून धाकट्याची चड्डी फुकटात निघते.

1962 पर्यंत देशात दशमान मापं सक्तीची झाली आणि गज-वार जाऊन मीटर आला. दुकानातली पट्टी बदलली तरी तोंडातला वार गेला नाही. लुगडं नऊवारीच राहिलं.

कंट्रोलच्या कापडाचीही एक पिढी आहे. युद्धकाळात, 1943 मध्ये, सरकारनं सुती कापडावर नियंत्रण आणलं आणि कापडावरच किंमत छापायला लावली. पुढं साठच्या दशकापासून गिरण्यांना काही जाडंभरडं कापड ठरवून दिलेल्या दरानं काढावं लागे. त्यात धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे पाच प्रकार होते. या यादीत ड्रिल होतं याला मोठा अर्थ आहे. तिरप्या विणीचं, जाड, दणकट ड्रिल म्हणजेच शाळकरी चड्डीचं कापड. गरिबाच्या अंगाला लागणाऱ्या वस्त्रांची यादी करताना सरकारला मुलाची चड्डी आठवली होती. रेशनच्या आणि सोसायटीच्या दुकानांतून हे कापड मिळे. त्याची खळ दोन धुण्यांत जायची आणि खरं कापड किती विरळ आहे ते तेव्हा कळायचं. तरीही रांगा लागत.

शिंप्याची बेतणी

कापड दुकानातून उठून शिंप्याकडं जायचं. बरेचदा तो त्याच दुकानाच्या ओट्यावर बसलेला असे. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळे, शिंप्याला जागा. उषा किंवा सिंगरचं पायमशीन, खाली लाकडी खोका, त्यात चिंध्या. खुणा करायला खडूऐवजी झिजलेल्या अंगाच्या साबणाची पातळ चकती. तिची रेघ धुण्यात आपोआप जाते.

माप घेताना आई किंवा आजी एकच वाक्य बोलायची: वाढत्या अंगाचं घ्या. हे मराठीतलं फार जुनं, घराघरातलं मापन आहे. टेप सांगते ते आजचं अंग, शिवायचं पुढच्या दोन वर्षांचं. शिंप्याची खरी हुशारी इथं लागे. नुसतंच ढगळ शिवलं तर चड्डी कमरेवर राहत नाही, पोरगं एका हातानं चड्डी धरून पळतं. अंगाबरोबर शिवलं तर आई पुढच्या पावसाळ्यात येऊन भांडते. म्हणून वाढ आत लपवायची. पायाला दोन-तीन बोटांची दुमड. मागच्या मधल्या शिवणीत इंच-दीड इंच कापड आत सोडलेलं, म्हणजे कंबर भरली की ती शिवण उसवून बाहेर सरकवता येते. पुढं कमरेला चुण्या. आणि एवढंही पुरेना म्हणून खांद्यावरून जाणारे गॅलिस. गॅलिसला मागं दोन-तीन बटणं अंतराअंतरावर लावलेली असत. मूल उंच झालं की पट्टा पुढच्या बटणावर जाई.

दहा वर्षांच्या मुलाच्या चड्डीला मोठ्या पन्ह्याचं अर्धा-पाऊण मीटर कापड पुरतं. ते बेतताना शिंपी एक पाय सरळ आणि दुसरा उलटा ठेवतो. मांडीकडचा रुंद भाग आणि पायाकडचा अरुंद भाग एकमेकांत बसवले की मध्ये फट राहत नाही. खिशाला मात्र चड्डीचं कापड वापरायचं नाही, मांजरपाट लावायचा. हा खिसा सगळ्यांत आधी जाई. त्यात गोट्या, भोवरा, गलोलीचे खडे, चिंचोके, अर्धी खाल्लेली कैरी आणि कधी जिवंत खेकडासुद्धा असे. तळ फाटला की आतली वस्तू थेट मांडीवरून खाली.

इलॅस्टिक येण्याआधी लहानग्यांच्या चड्डीला नेफा आणि नाडी असे. नाडीची निरगाठ बसली की मास्तरांना सोडवावी लागे. थोडं मोठं झालं की बटणं. बटण तुटलं आणि वेळेवर लागलं नाही तर वर्गभर पोस्टाची पेटी उघडी असल्याची हाकाटी होई.

गुडघे उघडे असल्यामुळं अर्धी चड्डी फाटायची मागूनच. शाळेच्या शहाबादी फरशीवर सरकून, मंदिराच्या उतरत्या कठड्यावरून घसरून आणि बैलगाडीच्या फळीवर बसून दोन्ही बाजू झिजत. मग दोन गोल ठिगळं. ठिगळ खालून लावून वरून मशीन गोल गोल फिरवत मध्यापर्यंत न्यायचं, झाडाच्या बुंध्यावरच्या वर्तुळांसारखं. बारकाईनं मारलेलं असं ठिगळ मूळ कापडापेक्षा जास्त टिकतं. खरं तर या ठिगळांमध्ये जे शिवणकाम आहे ते नव्या कपड्यात कधी दिसत नाही. त्याचे नमुने कुणी जपून ठेवायला हवे होते.

नवं कापड घ्यायचं नसेल तर आणखी दोन वाटा होत्या. वडिलांची पँट मागून विरली तरी तिचे खालचे पाय धड असतात. त्यातून मुलाची चड्डी निघते. आणि दुसरी वाट आहेराची. लग्नात मिळालेले पँटपीस ट्रंकेत साठत. मोठ्या माणसाच्या एका पँटपीसमध्ये दोन लहानग्यांच्या चड्ड्या सहज बसत. त्यामुळं काही मुलं खाकीऐवजी तपकिरी, राखाडी, कधी चकाकत्या टेरिकॉटच्या चड्डीत वावरत. टेरिकॉट उन्हाळ्यात अंगाला चिकटे, घाम शोषत नसे, पण वाळायला तासभर पुरे आणि इस्त्रीची गरज नाही. आयांनी त्याला पसंती दिली ती याच कारणानं. या कृत्रिम धाग्याचा ठाणे जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ‘टेरीन’ तयार होई, शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहोन्याला एनआरसी. मुरबाड-शहापूरची किती तरी माणसं कामासाठी या पट्ट्यात गेली. धागा करायला वडील, आणि त्या धाग्याच्या चड्डीत मुलगा, असं एकाच घरात घडलं.

मे महिना

परीक्षा संपली की शाळेची चड्डी मोकळी व्हायची. जून उजाडेपर्यंत तिला कुणी जपत नसे.

मुरबाडकडं काळू, शहापूरकडं भातसा आणि गावालगतची भारंगी. डोहात उडी मारताना शर्ट काठावर, चड्डी अंगावर, आणि अंगावरच वाळे. करवंदांच्या जाळीत शिरलं की चिकाचे डाग पडत. ते पुढं काळे होतात आणि कशानंही निघत नाहीत. जांभळाचे निघतात, करवंदाच्या चिकाचे नाहीत, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक. त्यामुळं जूनमध्ये दुमड सोडताना शिंपी कापड उलटून बघायचा. डाग आतल्या बाजूला कमी असतील तर चड्डी पूर्ण उसवून, बाहेरची बाजू आत घालून पुन्हा शिवता येई. ड्रिलच्या दोन्ही बाजू दिसायला वेगळ्या असतात, पण अंगभर उलटी शिवलेली चड्डी नवी दिसे.

या महिन्यातला विरोधाभास इथले लोक नेहमी बोलून दाखवतात. तानसा धरण 1892 मधलं, नंतर मोडकसागर, नंतर भातसा. मुंबईचं पाणी शहापूर तालुक्यातून जातं आणि मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर हंडे रांगेत लागतात. कपडे धुवायला दूर जावं लागलं की ते कमी धुतले जातात. खाकी रंग मळ दाखवत नाही म्हणून तो टिकला, यामागं ही पाण्याची गोष्टही आहे.

मुंबईचं दुकान

मुंबईत इंग्रजांच्या काळापासून डिपार्टमेंट स्टोअर होती. हॉर्नबी रोडवर व्हाइटवे लेडलॉ, काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही. उष्ण मुलखात नोकरीला आलेल्या साहेबाचा आणि त्याच्या मुलाबाळांचा सगळा सरंजाम एका छताखाली मिळे, त्यात सुती अर्ध्या चड्ड्याही होत्या. साहेब गेले आणि हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला. व्हाइटवे लेडलॉच्या इमारतीत खादी भांडार आलं. जिथं विलायती कापड मांडलं जाई तिथं हातमागाचे तागे लागले. पुढं फाउंटनजवळ अकबरअलीजसारखं दुकान मुंबईकर मध्यमवर्गाच्या खरेदीचं ठिकाण झालं. अंधेरीत 1991 मध्ये शॉपर्स स्टॉप उघडलं आणि या प्रकारच्या दुकानाचा नवा अध्याय सुरू झाला.

शहापूरच्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचलं ते गिरणगावातलं दुकान. नायगावला 1948 मध्ये कामगारांच्या सहकारी ग्राहक संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. तिथं धान्य, साबण, कापड, भांडी एकाच ठिकाणी, छापील किमतीला, घासाघीस न करता मिळू लागली. डिपार्टमेंट स्टोअरची कल्पना पगारावर जगणाऱ्या कामगाराला परवडेल अशी करून दाखवण्याचं काम या संस्थेनं केलं आणि त्याचं मोल मोठं आहे. गिरणीत असलेला मामा किंवा काका शिमग्याला, गणपतीला, लग्नसराईत गावी येताना पत्र्याच्या ट्रंकेत गिरणीच्या दुकानातले कापडाचे तुकडे आणि कधीमधी एखादी तयार चड्डी आणी. कसारा लोकलनं आसनगाव, तिथून चालत किंवा टांग्यानं पुढं. मुरबाडला रेल्वे नाही. तिकडच्या माणसाला कल्याणला उतरून एसटी धरावी लागे.

त्या तयार चड्डीची शान वेगळी. तिला कमरेला आत कापडी पट्टी, त्यावर कंपनीचं नाव विणलेलं. मुलं चड्डीची कड उलटून ते नाव एकमेकांना दाखवत. पण मामानं वय सांगून माप घेतलेलं असे. शहरातला दहा वर्षांचा मुलगा आणि गावाकडचा दहा वर्षांचा मुलगा यांच्या कमरेत फरक पडे. तयार चड्डी मग शिंप्याकडंच जायची, कंबर आवळून घ्यायला.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गावी परतलेल्या माणसांबरोबर ट्रंका आल्या, त्यात कापड नव्हतं.

कॅम्पातला माल

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. मुरबाडच्या लोकांसाठी ते अजूनही ‘कॅम्प’. मुरबाडहून गोवेली, कांबा, म्हारळ करत शहाडला आलं की उल्हासनगर लागूनच. त्यामुळं लग्नाचा बस्ता बांधायला मुरबाडकर कल्याणइतकाच कॅम्पात जाऊ लागला. गजानन मार्केटमध्ये कापड आणि साड्या, जपानी बाजारात तयार कपड्यांचे ढीग. घरोघरी मशिनी, कुठं नुसती काजं होतात, कुठं नुसते खिसे, कुठं चेन लागते. एक चड्डी चार घरांतून फिरून तयार होते. ओट्यावरच्या शिंप्याला जे काम अर्धा दिवस पुरे, ते इथं काही मिनिटांत निघतं.

या मालानं आधी आठवडी बाजार बदलला. सरळगाव, किन्हवली, धसई इथल्या बाजारांत टोपल्या आणि सुक्या बोंबलांच्या ओळीशेजारी ताडपत्री पसरून कपड्यांचा ढीग ओतलेला दिसू लागला. ढिगाला एकच भाव, ओरडून सांगितलेला. इलॅस्टिकच्या, रंगीत, बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्या असलेल्या चड्ड्या. बायका वाकून ढीग उपसतात, चड्डी ताणून बघतात, मुलाला तिथंच कपड्यांवरून कमरेला लावतात. माप घेणारा नाही, उधारी नाही, दुमडही नाही. इलॅस्टिक सैल होईपर्यंत चालते. शाळेसाठी नसलेली, निव्वळ घरी आणि खेळायला घालायची चड्डी या भागात अशी आली.

म्हसा यात्रेनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्या यांच्यासाठी ती लांबवर प्रसिद्ध आहे. वडील बैलाचे दात बघत असताना आई पाळण्यांकडच्या गल्लीत मुलांचे कपडे बघते. बैल चांगल्या भावाला गेला तर त्याच दिवशी अंगभर नवं मिळतं, नाही तर गोडीशेव घेऊन परत. वर्षातून एकदा शेकडो दुकानं, सगळ्या प्रकारचा माल, हात लावून बघायची मुभा, शेजारी खाणं आणि करमणूक. मोठ्या शहरातला माणूस ज्यासाठी मजल्यांच्या दुकानात जाई, ते इथं माळावर तंबूत मिळत होतं.

धसईचा उल्लेख आणखी एका कारणानं करायला हवा. डिसेंबर 2016 मध्ये, नोटबंदीनंतर, या बाजारगावातल्या दुकानांत कार्डाची यंत्रं बसवली गेली आणि राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वहीत नाव मांडून कापड नेणाऱ्यांची नातवंडं आता चौकटीतल्या ठिपक्यांसमोर मोबाइल धरतात.

गणवेशाचा रंग

खाकी हळूहळू मागं हटली. 2016 च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघानंही खाकी अर्धी चड्डी सोडून तपकिरी पूर्ण पँट घेतली. शाळांत निळा, करडा, चौकड्याचा असे रंग आले.

जिल्हा परिषदेच्या मुलांना दोन गणवेश मोफत मिळतात. कित्येक वर्षं दोन जोडांसाठी सहाशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडं येत आणि समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या दुकानदाराकडून, शिंप्याकडून ते करून घेई. सहाशेत दोन जोड बसवणं अवघड होतं, पण माप घेणारा माणूस मुलासमोर होता. 2024-25 साठी सरकारनं राज्यभर एकच गणवेश ठरवला: आकाशी शर्ट, गडद निळी चड्डी किंवा पँट. कापड वरून आलं आणि शिलाई महिला बचत गटांकडं दिली गेली. बायकांना काम मिळावं हा हेतू चांगला होता. पण लाखो मुलांची मापं, कापडाची वाहतूक आणि शिलाई यांचा मेळ बसला नाही. राज्यात अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश आले नाहीत, आले ते कुठं आखूड, कुठं ढगळ. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा समित्यांकडं देण्यात आलं. ओट्यावर बसणाऱ्या शिंप्याला हे कुणी आधी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की सातवीतली सगळी मुलं एका मापाची नसतात, आणि जूनमध्ये घेतलेलं माप दिवाळीत खोटं ठरतं.

बर्मुडा

संध्याकाळी आसनगाव स्टेशनबाहेर किंवा मुरबाडच्या नाक्यावर उभं राहिलं की एक बदल लगेच दिसतो. अर्ध्या चड्डीत आता मोठी माणसं आहेत. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांतून, मुरबाडच्या एमआयडीसीतून कामावरून आलेला तिशी-चाळिशीतला माणूस घरी जाऊन बर्मुडा चढवतो आणि दूध आणायला, पोराला क्लासवरून घ्यायला बाहेर पडतो. सहा खिशांची, गुडघ्याखाली येणारी, कधी सैनिकी छापाची. त्याच्या वडिलांनी आठवी-नववीत फुल पँट मिळाल्यावर पुन्हा अर्ध्या चड्डीत नाक्यावर पाऊल टाकलं नसतं. पूर्ण पँट म्हणजे मोठं होणं होतं. शाळेच्या जुन्या गटफोटोंत पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्यांचे गुडघे दिसतात, मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांचे नाहीत.

आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा जीन्समध्ये आहे. लग्नात तर कोट-पँटमध्ये, भर वैशाखात.

ही जीन्स मॉलमधून, ऑनलाइन किंवा कॅम्पातून येते आणि आई ती एक नंबर मोठीच घेते. वाढत्या अंगाची. कंबर आत ओढायला काजाचं इलॅस्टिक असतं, लांबीला मात्र उपाय नाही. म्हणून ती बाजारपेठेतल्या शिंप्याकडं येते. त्याच्या पाटीवर आता ‘अल्टरेशन’ लिहिलेलं आहे, पायमशिनीला मोटर लागली आहे आणि दिवसातलं बरंचसं काम हेच आहे. काही आया पाय कापू नका, नुसते आत दुमडून टाका म्हणतात. तो दोन-तीन बोटांची दुमड घालतो, जाड डेनिमवर सुई मोडू नये म्हणून मशीन हातानं हळू फिरवत शिवण पार करतो आणि पँट घडी करून देतो. बाकीच्यांचे कापलेले निळे गोल तुकडे खालच्या खोक्यात पडतात. ठिगळाला लागतील म्हणून तो ते टाकत नाही.